जुनी संपल्याशिवाय नवी नाही

मी डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली बोलतेय. उंची तुमच्या करंगळीएवढी, पोटात औषध पाच मिली. तुमची ओळख करून घ्यायची मला काही हौस नव्हती. पण दुकानाच्या कपाटातून आणि फ्रिजच्या दारातून मी माणसं बघितली, बघून बघून पोटात जे साचलं ते आता बोलून टाकते. गोड बोलेन अशी आशा मात्र ठेवू नका.

माझा जन्म पीथमपूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसाला आत घेण्याआधी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळतात. केसांवर टोपी, तोंडावर फडकं, हातांत मोजे. हवासुद्धा गाळून आत सोडतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर माणसाच्या अंगावरचं काही माझ्या पोटात पडू नये म्हणून. जन्मल्या जन्मल्या मला कळलं, की या जगात घाण कोण करतं. त्याला दोन हात असतात आणि ते तो दिवसभर तोंडाला आणि डोळ्यांना लावत बसतो.

तेव्हा माझं तोंड बंद होतं. माझ्या झाकणाच्या आत एक बारीक काटा आहे. झाकण पहिल्यांदा गच्च पिळलं की तो काटा माझ्या तोंडाला भोक पाडतो. तिथून पुढे मला एक महिना. मग मला टाकून द्यायचं. हे माझ्या खोक्यावर छापलेलं आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला मुळात धडधाकट डोळे हवेत. ज्याचे डोळे आलेत त्याने ते वाचावं अशी ज्याची अपेक्षा होती, त्या शहाण्यालाही माझा नमस्कार.

कारखान्यातून मी आले इंदूरच्या राजेंद्र नगरात, गजाननच्या मेडिकलमध्ये. गणपती उठले आणि गावात डोळ्यांची साथ आली. मग काय विचारता! काळे चष्मे लावून एकेक महाभाग काउंटरवर यायला लागला. "भिया, आँख आ गई है, कोई बढ़िया ड्रॉप दे दो." गजानन विचारायचा, "डॉक्टरला दाखवलं का?" "त्यात काय दाखवायचं? मागच्या साली पण आली होती." असं म्हणत तो चष्मा वर करून डोळा चोळायचा, त्याच हाताने माझ्या बहिणीला उचलून उलटीसुलटी बघायचा आणि ठेवून द्यायचा. "दूसरी दिखाओ." बाजूला उभा असलेला मान फिरवून उभा राहायचा, कारण लाल डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात म्हणे! आणि जाताना त्याच चोळणाऱ्याशी हात मिळवून जायचा. मी कपाटातून बघायची आणि मनात म्हणायची, देवा, कोणाच्याही घरी पाठव, पण थोडी अक्कल असलेल्याच्या घरी पाठव.

एका सकाळी संबोधी आली. वय तेवीस-चोवीस, उजवा डोळा लालबुंद, पापण्या चिकटलेल्या. पण दोन्ही हात जीन्सच्या खिशात कोंबलेले, चुकून डोळ्याला लागू नयेत म्हणून. डॉक्टरची चिठ्ठी तिने दोन बोटांच्या चिमटीत काढून गजाननपुढे ठेवली. मला ती आवडली. मला सहसा कोणी आवडत नाही.

"गजाननकाका, लवकर बरं होईल न?" ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी रतलामला माझं मेडिकल आहे."

संबोधी रेल्वेची परीक्षा पास झाली होती. सहायक लोको पायलट, म्हणजे इंजिनात बसून गाडी चालवणारी. लेखी झाली, बाकीचं सगळं झालं, उरली होती फक्त वैद्यकीय तपासणी. आणि त्या नोकरीत बाकी काही थोडंफार चालून जातं, डोळ्याचं काही म्हणता काही चालत नाही.

"टेन्शन नको घेऊ बेटा," गजानन म्हणाला. "सात दिवसांत एकदम साफ."

मी तिच्या पिशवीत पडले आणि मला बरं वाटलं. म्हटलं, चला, चांगल्या कामाला लागले.

संबोधीचे आईवडील नोकरीसाठी भोपाळला. ती इथे आजी-आजोबांकडे राहायची. आजोबा म्हणजे तात्याराव. त्याचे वडील पलटणीत होते, आणि तात्याराव स्वतः महूच्या छावणीत चौतीस वर्षं स्टोअरकीपर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण भांडार काही डोक्यातून गेलं नाही. घरातल्या हिंगाच्या डबीपासून पंख्याच्या तेलापर्यंत प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवलेली. आवक अमुक तारीख, उघडली तमुक तारीख. अक्षर असं की छापल्यासारखं.

दारातच त्याने मला संबोधीच्या हातातून घेतलं. "आण इकडे. आवक लावू दे." खोक्यावर चिठ्ठी लागली, आणि मी फ्रिजच्या दारात जाऊन उभी राहिले. पुढे नाही. मागे.

पुढे एक म्हातारी उभी होती. माझ्याच कारखान्याची, त्याच नावाची, तशीच पांढरी. तिच्यावर तात्यारावाच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी होती. ती उघडली त्याला चौदा महिने झाले होते. तोंडाशी पिवळी खपली धरलेली.

"आलीस का?" ती म्हणाली. "राहा उभी मागे. माझं संपल्याशिवाय तुला कोणी विचारत नाही."

तिने मला आपली सगळी कर्तबगारी सांगितली. आधी संबोधीच्या आजीचा, चंपाचा डोळा. मग तात्यारावाचा. मग शेजारच्या अर्पितचा, मग अर्पितच्या सासूचा, आणि एकदा गल्लीतल्या मांजराचा. प्रत्येकाच्या पापणीला ती टेकून आली होती. "सगळ्यांच्या उपयोगी पडले गं मी," म्हणाली. मला शिसारी आली. मी पाठ फिरवायला गेले, पण बाटलीला पाठ नसते.

दुपारी चंपाने फ्रिज उघडला. "अहो, डॉक्टरीणबाईंनी ही नवीन दिली आहे न? ही टाकायची की नाही?"

"अगं, दवा तीच आहे," तात्याराव म्हणाला. "नाव वाच. कंपनी वाच. डेट वाच, पुढच्या डिसेंबरची आहे. माल चांगला आहे. जुना स्टॉक पहिले, नवा बाद में. चौतीस वर्षं हेच केलं. जुनी संपल्याशिवाय नवी इश्यू होत नाही."

चंपाने जुनी काढून दिली. चाळीस वर्षांत ती या नियमाशी एकदाही भांडून जिंकली नव्हती.

बुटांसाठी तो नियम चांगला आहे. साबणासाठी, कंदिलाच्या काचांसाठी चांगला आहे. पण नियम एकदा डोक्यात बसला की माणूस त्याच्यापुढे कुठली वस्तू आली आहे हे बघायचं सोडून देतो. एवढं मोठं डोकं धडावर मिरवायचं, आणि वापरायची त्यातली एकच ओळ!

आणि शिस्त तरी काय सांगू! सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. संबोधी दिवाणावर आडवी व्हायची. "वर बघ. पंख्याकडे बघ. शाबास." म्हातारीचं खपली धरलेलं तोंड पापणीला टेकायचं, थेंब पडायचा, आणि संबोधी डोळे मिटून घ्यायची. आजोबांच्या हातात कोणती बाटली आहे हे तिने कधी बघितलंच नाही. ज्याने तिला शाळेत सोडताना कधी एक मिनिट उशीर केला नाही, त्याच्या हाताकडे काय बघायचं, असं तिला वाटलं असणार.

मी फ्रिजच्या दारात उभी राहून बोंबलत होते. अरे म्हाताऱ्या, चूकसुद्धा घड्याळ लावून करतोस का? पण बाटलीचं कोण ऐकतं.

सगळ्यात चीड कशाची यायची सांगू? रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत दारात यायची, आणि हाच तात्याराव फाटकात उभा राहून आख्ख्या गल्लीला शिकवायचा. ओला इकडे, सुका तिकडे. अर्पितने बिस्किटाचा कागद ओल्या कचऱ्यात टाकला तर त्याला परत बोलावून काढायला लावायचा. त्या गाडीला जुनी औषधं, ब्लेड, सेल यांच्यासाठी वेगळा खण आहे. गावाला त्या गाडीचा केवढा अभिमान! आणि त्या खणात तात्यारावाने आजवर एक बाटली टाकलेली नव्हती. संपलीच नाही तर टाकायची कशी?

चौथ्या दिवशी सकाळी संबोधी दिवाणावरून उठलीच नाही. "आजोबा, जलन कमी नाही होत आहे, उलट बढतेच आहे. आत कोणीतरी सुई टोचतंय असं वाटतंय. खिडकीकडे बघवत नाही."

"मग आज पाच वेळा टाकू," तात्याराव म्हणाला.

"काही टाकू नका," चंपा म्हणाली, आणि तिचा आवाज त्या घरात मी पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला. "चला दवाखान्यात. मुलीचा डोळा आहे तो, तुमचं भांडार नाही."

तात्यारावाने आम्हा दोघींनाही एका पाकिटात घालून बरोबर घेतलं. तपासणीला जायचं तर सगळा स्टॉक दाखवायचा असतो, म्हणे.

चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टर ऋजुता अकोल्याहून नुकत्याच इंदूरला आलेल्या. बोलायला मऊ, पण बघायला कडक. त्यांनी खोलीत अंधार केला, डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा दिवा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"बुबुळावर जखम झालीय," त्या म्हणाल्या. "अजून कडेला आहे. मध्ये सरकता कामा नये."

"मॅडम, माझं मेडिकल अकरा दिवसांवर आहे," संबोधी म्हणाली.

"आधी डोळा. मध्ये डाग पडला तर मेडिकलचा प्रश्नच उरणार नाही." मग त्यांनी तात्यारावाकडे बघितलं. "थेंब चार वेळा टाकलेत?"

"बराबर चार वेळा. एक मिनिट मिस नाही."

"बाटली दाखवा."

तात्यारावाने छाती फुगवून आम्हा दोघींना टेबलावर ठेवलं. जुनी पुढे, मी मागे. डॉक्टरांनी म्हातारीला उचललं आणि चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"काका, ही चौदा महिन्यांपूर्वी उघडलीय."

"लिहिलं आहे न मी! पण डेट बघा मॅडम, पुढच्या डिसेंबरची आहे."

"ती तारीख न उघडलेल्या बाटलीची. झाकण उघडलं की एक महिना, मग फेकायची. हिच्या तोंडाला बघा काय आहे. तुम्ही चार दिवस संबोधीच्या डोळ्यात औषध नाही, जंतू टाकत होतात."

तात्यारावाला त्याच्याच छापल्यासारख्या अक्षराने धरून दिलं होतं. इतके दिवस मी याच घटकेची वाट बघत होते, की म्हाताऱ्याची कोणीतरी चांगली खरडपट्टी काढावी. पण तेवढ्यात संबोधीने दुखरा डोळा हाताने झाकून दुसऱ्या डोळ्याने टेबलाकडे बघितलं.

"आजोबा, ही कोणती? तुम्ही मला नवीन टाकत होता न?"

"जुनी संपायची होती, बेटा," तो म्हणाला.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

डॉक्टरांनी म्हातारीला टेबलाखालच्या डब्यात टाकलं. जाता जाता ती मला म्हणाली, "मला कोणी सांगितलंच नाही गं. मला वाटलं, मी कामाची आहे." तिला मी मनात काय काय म्हटलं होतं ते मला आठवलं. तिने थोडंच स्वतःला जपून ठेवलं होतं?

जखमेचा नमुना तपासायला गेला. नवीन हुकूम निघाला: मी, म्हणजे नवी बाटली, दर तासाला एक थेंब, टोक कशालाही न टेकवता. आणि रोज येऊन दाखवायचं.

घरी आल्यावर तात्यारावाने मला टेबलावर ठेवलं आणि लांब जाऊन बसला. "चंपा, तू टाक. मी नाही टाकणार."

"माझा हात हलतो," चंपा म्हणाली.

"आजोबा," संबोधी दिवाणावरून म्हणाली, "साबणाने हात धुवा आणि या इकडे."

"नको बेटा. मी आधीच..."

"गुस्सा आहे मला. खूप आहे. पण तासातासाला थेंब आहे, घड्याळ तुमच्यासारखं कोण पाळणार? तुम्हीच टाका. फक्त एक अट. टाकायच्या आधी बाटली मला दाखवायची. प्रत्येक वेळी."

तात्याराव उठला. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, तेही दोनदा. मग माझं झाकण गच्च पिळलं. आत काटा घुसला आणि माझं तोंड उघडलं. त्याने चिठ्ठीवर उघडल्याची तारीख घातली. खाली आणखी एक ओळ लिहिली, आजवर कुठल्याच चिठ्ठीवर न लिहिलेली: फेकायची तारीख.

मग सुरू झाली आमची दोघांची ड्यूटी. तास झाला की तो मला तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरायचा. ती चिठ्ठी वाचायची, मान हलवायची, तेव्हा कुठे तो थेंब सोडायचा, पापणीपासून दोन बोटं वर धरून. "शाबास" म्हणायचं त्याने बंद केलं होतं. एका दुपारी थेंब गालावर पडला, तर पुन्हा हात धुऊन आला. मी मनापासून काम केलं, हे मी स्वतःच सांगते, कारण माणसांकडून ते ऐकायची सोय नसते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेंब कमी केले. आठव्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या. जखम भरली होती. तिथे पांढरा ठिपका उरला होता, मोहरीएवढा, बुबुळाच्या कडेला.

अकराव्या दिवशी चंपा संबोधीला घेऊन रतलामला गेली. तात्याराव गेला नाही. दिवसभर त्याने चार वेळा फ्रिज उघडला, माझ्याकडे बघितलं आणि बंद केला. मला काही त्याची दया आली नाही. थोडीशी आली असेल.

संध्याकाळी दार वाजलं.

"फिट," संबोधी म्हणाली. "टॉर्च मारून विचारलं त्यांनी, हा ठिपका कसला? मी म्हटलं, जखम झाली होती, भरली. मग खालची सगळ्यात बारीक लाइन वाचायला लावली. वाचली."

चंपा रडत रडत साखरेचा डबा शोधायला गेली. तात्यारावाने विचारलं, "तो ठिपका जाईल न?"

"नाही जाणार, आजोबा. मॅडम म्हणाल्या, राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्पित दारात. "तात्याजी, वो आँख वाली दवा पड़ी है क्या? छोटीची आँख लाल झाली आहे. एक-दो बूँद."

तात्यारावाने मला बाहेर काढलं. माझ्या पोटात अजून पाव औषध शिल्लक होतं, फेकायच्या तारखेलाही अडीच आठवडे होते. झालं, मी म्हटलं. आता मी पण अर्पितच्या घरी, मग त्याच्या सासूच्या, मग मांजराच्या. सुधारेल तो माणूस कसला!

"नाही आहे," तात्याराव म्हणाला.

"अरे, हातात तर आहे न!"

"ही संबोधीची आहे. पोरीला डॉक्टरकडे ने. आत्ता ने. रिक्षा मी बोलावतो." आणि खरोखर त्याने फोन काढून रिक्षा बोलावली.

अर्पित गेल्यावर त्याने टेबलाशी बसून माझ्या चिठ्ठीवर लिहिलं: रद्द. मग संबोधीला हाक मारली. भांडारातला माल रद्द करायचा तर दोन सह्या लागतात, असं तो म्हणाला. तिने विचारलं, "शिल्लक किती?" "पाव." "मग कारण काय लिहिणार?" त्याने लिहिलं: उघडलेली होती. खाली आधी त्याची सही झाली, मग तिची.

इतका वेळ मी त्यांना अरे-तुरे केलं. आता नाही करणार. शिल्लक माल तात्यारावांनी आजवर कधी फेकला नव्हता, तरी त्यांनी मला मोरीत पूर्ण पिळून काढलं, झाकण लावलं आणि गाडीचं गाणं ऐकू येताच स्वतः फाटकापर्यंत आले. मला त्यांनी त्या वेगळ्या खणात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. संबोधी बाजूला उभी होती. ते तिच्याशी काहीतरी बोलायला वळले आणि बोलायच्या आधीच थांबले, कारण तिच्याकडे बघितलं की त्यांना पहिल्यांदा तो ठिपकाच दिसतो. आता तो आयुष्यभर दिसणार आहे.

मी सध्या बोथट ब्लेड आणि संपलेले सेल यांच्यात पडून आहे आणि मजेत आहे. तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. एक म्हातारा शिकला म्हणून सगळी जात सुधारली असं मानायला मी काही माणूस नाही. तुमच्याही फ्रिजच्या दारात माझी एक बहीण उभी आहे. ती कधी उघडली हे तुम्हाला आठवत नाही, आणि तुमच्याकडे तर चिठ्ठीसुद्धा नाही. हे वाचून झालं की उठा आणि तिला फेका. अर्धी भरलेली असली तरी फेका. तिला वाईट वाटणार नाही, आणि तुमच्या घरातलं कोणी उद्या डोळा झाकून तुम्हाला विचारणार नाही, की ही कोणती होती.